पूजेला टिकणारा काटा

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्याचं नाव निघालं की बाहेरच्या माणसाचा चेहराच पडायचा. लांबलांबचे पेपरवाले यायचे, गाडीतून उतरायचे, वाळलेल्या पऱ्हाटीचा फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत नागपूर गाठायचे. खोटं लिहीत होते असं नाही. दुःख होतंच, गावोगाव होतं. पण याच जिल्ह्यात माणसं सकाळी उठून कामालाही लागत होती, दुकानाचं शटर वर करत होती, नव्या धंद्याची पाटी रंगवून घेत होती. ते एकाही शहाण्याला दिसू नये, याचा राग येतो. त्यातून पुष्पा राठोड तर आपली पाटी स्वतःच्या हातानं रंगवत होती. तिच्याकडे कुणी कॅमेरा वळवला नाही. नाही तर नाही. तिची गोष्ट आपण सांगू.

पुष्पा फुलसावंगीजवळच्या तांड्यातली. तिच्या पणज्याच्या काळात तांडा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख पालथा घालायचा. पुढे बैल विकले, जमिनी कसल्या, कापूस आला. पण एक गोष्ट काही बदलली नाही. माल वाहायचा यांनी आणि तोलायचा दुसऱ्यानं. पुष्पाचा बाप किसनसिंग बाजारात गाठोडं काट्यावर टाकायचा आणि मापाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. पोरगी शेजारी उभी असायची. ती मात्र मापाऱ्याकडे नाही, काट्याकडे बघायची. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन ती तांड्यावर परतली आणि म्हणाली, "बा, मी काटे बनवतो." किसनसिंग मनापासून हसला. त्याला वाटलं, पोरगी थट्टा करून राह्यली.

थट्टा नव्हती. पॉलिटेक्निकमध्ये तिच्याच बाकावर बसणारी सुमेधा तिच्यासोबत होती. सुमेधा यवतमाळ शहरातली. घरात बाप, आजा, काका, सगळे कचेरीत खुर्चीवर बसलेले. पोरीनं धंदा करावा हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दोघींनी मिळून धामणगाव रोडवर दोन खोल्या घेतल्या आणि 'अचूक इलेक्ट्रॉनिक्स' नावाची कंपनी काढली. कंपनी म्हणायची आपली. दोघी मालकिणी, सोल्डरिंग करणाऱ्या चार पोरी, आणि दारात सुमेधाच्या वडिलांची जुनी स्कूटर. माल एकच. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये आणि बाजारात कापूस तोलायचे जे इलेक्ट्रॉनिक काटे असतात, त्यांच्या खांबावर लाल आकडे दाखवणारी एक पेटी असते ना, ती पेटी. धंद्यात तिला इंडिकेटर म्हणतात. पुष्पा ती डोक्यातून काढून हातानं उभी करायची आणि सुमेधा विकायची.

पहिली पेटी पुष्पानं खास विदर्भाच्या उन्हासाठी बनवली. गुजरातहून येणाऱ्या पेट्या आपल्या मे महिन्यात मान टाकायच्या, म्हणून हिनं वरच्या झाकणाला बारीक बारीक फटी ठेवल्या. गरम हवा वर निघून जावी आणि आतलं सर्किट थंड राहावं. त्या फटींचा तिला कोण अभिमान. आलेल्या-गेलेल्याला बोट फिरवून दाखवायची. आणि खरंच, उन्हानं तिची एक पेटी कधी बंद पडली नाही.

बंद पडायच्या त्या दिवाळीनंतर, थंडीत. जिनिंगचा सीझन सुरू झाला की पहिल्याच दिवशी फोन खणखणायला लागायचा. मारेगावहून, कळंबहून, वणीकडून. सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं: "सकाळी चालत होता हो बाई, आता आकडे नाचून राह्यले." मग पुष्पा स्कूटरला किक मारणार, पेटी काढून आणणार, उघडणार. आत सर्किटवर पांढुरका चिकट थर. ती म्हणायची, दव. जिनिंग उघड्यावर असतात, पहाटेचं दव पडतं, आत जातं. मग तिनं पेटीच्या पाठीला रबर लावलं, सांधे बुजवले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जिनिंगवाले तरी किती ऐकून घेणार? आधीच कापसाचे वाईट दिवस, निम्मं रान सोयाबीनकडे गेलेलं, जिनिंगची यंत्रं एकेक करून थंड पडत चाललेली. ते सरळ म्हणायला लागले की यवतमाळचा माल तो यवतमाळचाच, आपण बाहेरचाच घेऊ. हे वाक्य पुष्पाला फार लागायचं.

पोट भरायचं म्हणून 'अचूक'नं मग मिळेल ते काम धरलं. इन्व्हर्टरची दुरुस्ती, शाळांच्या विजेच्या घंटा, मागच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास, दुकानांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर. लग्नसराईत दिव्यांच्या माळासुद्धा. भिंतीवर सुमेधानं एक मोठा तक्ता लावला होता आणि त्यात दर महिन्याला एक नवा रकाना वाढायचा. काटा त्या तक्त्यात पार कोपऱ्यात गेला.

अशात सुमेधाचा मोठा भाऊ अभिषेक पुण्याहून आला. मॅनेजमेंट शिकलेला, एका मोठ्या कंपनीत कामाला. माणूस चांगला, उगाच शहाणपणा करणारा नव्हे. त्यानं दोन दिवस बसून सगळं पाहिलं आणि दोघींसमोर स्वच्छ बोलला.

"तुमचं धोरणच नाही. जो दार वाजवतो त्याचं काम तुम्ही घेता. याला धंदा म्हणत नाहीत, धावपळ म्हणतात. कापूस बुडतोय, काटा सोडा. क्लास आणि सॉफ्टवेअर ठेवा, ते सुमेधा सांभाळेल. पुष्पासाठी आमच्या कंपनीत जागा आहे. मी बोलून ठेवलंय."

आकडे सुमेधालाही दिसत होते. पुष्पा म्हणाली, "दादा, तुमचं खरं आहे. पण माहा माल काहून बिघडते, हे मले समजलं नाही अजून. ते समजल्याबिगर मी नाई जात."

शेवटी ठरलं ते असं. काट्याला अजून एक संधी द्यायची. त्यातही पेटी पहिल्या दिवशी बंद पडली, की 'अचूक'मधलं काट्याचं काम कायमचं बंद, चार पोरींना दुसरीकडे लावून द्यायचं आणि पुष्पा पुण्याला. पुण्याची जागा अभिषेक तेवढे दिवस थोपवून धरणार होता. पुष्पानं हो म्हटलं खरं, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पुण्यात नोकरी लागणं म्हणजे तांड्यावर पेढे वाटायची गोष्ट. हिला मात्र कुणी घरातून उठवून लावल्यासारखं वाटत होतं.

आता इथं तिनं एक गोष्ट वेगळी केली, आणि सगळं त्यातच आहे. आजवर सीझनच्या पहिल्या दिवशी ती फोनजवळ बसून असायची, कारण फोन येणार हे ठाऊक असायचं. या खेपेला तिनं फोन सुमेधाच्या हवाली केला आणि सकाळीच मारेगाव गाठलं. तिथल्या रामधनशेठच्या जिनिंगवर तिची पेटी लागलेली होती. ठरवलं होतं की पेटीसमोर बसायचं, पार बंद पडेपर्यंत हलायचं नाही.

त्या दिवशी जिनिंगवर काटापूजन होतं. आपल्याकडे कापसाची खरेदी अशीच सुरू होते. पहिल्या गाडीच्या बैलांना ओवाळतात, शेतकऱ्याला शेला-नारळ देतात आणि काट्याची पूजा करतात. पुष्पाला हे काय नवीन होतं? लहानपणापासून बघत आलेली. ती कौतुकानं उभी राहिली. शेठजींनी आधी काट्याच्या पाटावर, जिथं माल ठेवतात तिथं, फुलं वाहिली. मग काट्याचं तोंड म्हणजे आकडे दाखवणारी पेटी, म्हणून तिच्याकडे वळले. एकेका बटणाला हळद-कुंकवाचं बोट लावलं. नारळ फोडला. आणि ते गोड पाणी, मोठ्या भक्तिभावानं, धार धरून पेटीच्या डोक्यावर सोडलं. पुष्पाच्या त्या लाडक्या फटींमधून ते सगळं आत गेलं.

पुष्पा खाली बसली आणि हसत सुटली, आणि हसता हसता डोळे भरून आले. शेठजींना वाटलं, पोरीच्या अंगात आलं.

घ्या. उन्हात तापवून पाहिली, धुळीत ठेवून पाहिली, वीज कमी-जास्त करून पाहिली, उंदीर वायर कुरतडतात म्हणून जाळी बसवली. पूजेत ठेवून पाहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि या दोघी काही परदेशातून आल्या नव्हत्या. दसऱ्याला दोघीही आपल्या सोल्डरिंगच्या हत्यारांना हळद-कुंकू लावायच्या. पण त्यांचा नारळ फुटायचा उंबऱ्यावर, म्हणून कधी काही बिघडलं नाही आणि कधी काही कळलंही नाही. बरं, जिनिंगवाल्यांनी तरी सांगावं? तर त्यांची वेगळीच रीत. पेटी दुरुस्तीला पाठवायची तर पूजेच्या खुणा अंगावर ठेवून कशी पाठवायची, म्हणून मुनीम ती ओल्या फडक्यानं लख्ख पुसून द्यायचा. वरून स्वच्छ, आत नारळाचं पाणी. आणि पूजेनं मशीन बिघडलं असा विचारसुद्धा तिथं कुणाच्या मनाला शिवला नसता.

पेटी याही सीझनला पहिल्याच दिवशी बंद पडली होती. ठरल्याप्रमाणे आता काट्याचं काम बंद करायचं होतं. पुष्पानं यवतमाळला येऊन सगळं सांगितलं, तशी सुमेधा कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "सोपं आहे. पेटीवर लिहू, पाणी घालू नये."

"कोण वाचते ते?" पुष्पा म्हणाली.

पुण्याहून अभिषेकनं फोनवर सांगितलं की वॉरंटीच्या कागदात एक अट टाका, पाणी गेल्यास कंपनी जबाबदार नाही. कायद्यानं बरोबर होतं ते. पुष्पा मात्र भडकली. "वर्षभराची आस लावून माणूस आपल्या काट्याची पूजा करते अन् आपण त्याले सांगायचं का, तुही पूजा आमच्या अटीत बसत नाई? आपली पेटी त्याच्या पूजेत बसली पाहिजे. आपण वर्षभर राबतो, पण आपला निकाल लागते त्या एका सकाळी. मग सगळं वर्ष त्या सकाळसाठीच राबू. मले अजून एक सीझन दे, सुमे."

आता सुमेधाचं ऐका. लोक नंतर सगळं श्रेय पुष्पाला द्यायचे, आणि पुष्पा चिडायची ती यावरच. कारण सगळ्यात मोठी छाती लागली ती सुमेधाला. ती उठली, भिंतीवरचा तक्ता काढला आणि उलटा करून टेबलावर पसरला. कोऱ्या बाजूला अगदी शेवटी लिहिलं, काटापूजन. तिथून मागे मागे येत तिनं सगळं वर्ष मांडलं. पूजेच्या आधी पेट्या बसल्या पाहिजेत, त्याआधी वजनकाटे तपासणाऱ्या वैधमापन खात्याची मंजुरी मिळाली पाहिजे, त्याआधी चाचणी, त्याआधी नवा साचा. वर्ष भरत गेलं आणि तिच्या लक्षात आलं की यात दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही. मग तिनं इन्व्हर्टर सोडले, घंटा सोडल्या, माळा सोडल्या. शेवटी कॉम्प्युटरचा क्लासही बंद केला. खोल्यांचं भाडं त्या क्लासवर निघत होतं. घरचे म्हणाले, पोरीचं डोकं फिरलं. सुमेधा म्हणाली, "दहा ठिकाणी थोडं थोडं मरण्यापेक्षा एका जागी नीट लढू." अभिषेकनं हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी धोरण म्हणतो ते हेच, सुमेधा. फक्त मी उलट सांगितलं होतं."

पुष्पानं नवी पेटी बनवली. झाकण घराच्या छपरासारखं उतरतं केलं आणि वरच्या फटी बुजवून टाकल्या. स्वतःच्या हातानं बुजवताना जिवावर आलं तिच्या, पण बुजवल्या. गरम हवेला खालून वाट दिली. उठलेली बटणं काढून वरून एकसंध जाड पडदा घातला, म्हणजे कुंकू लावा नाहीतर शेंदूर, आत कण जायचा नाही. खाली पाणी निथळायला पन्हळ. मग उन्हाळाभर कारखान्यात चाचणी सुरू झाली. चाचणी म्हणजे काय, तर चारी पोरी पाळीपाळीनं पेटीची पूजा करायच्या. हळद, कुंकू, गुलाल, नारळाचं पाणी, दूध, पंचामृत. खोबरं खाऊन खाऊन सगळ्या कंटाळल्या. शेजारच्या टायरवाल्याला वाटलं, या बायांवर कुणीतरी करणी केली म्हणून शांती चालली आहे.

पुढच्या सीझनला रामधनशेठनं नवी पेटी लावून घेतली. त्यांना पोरींचं कौतुक होतं. पूजनाला आसपासचे जिनिंगवालेही येणार होते आणि त्यांनी मोकळं सांगून ठेवलं होतं की आज टिकली तर घेऊ, नाहीतर पुन्हा आमच्या दारात येऊ नका. इकडे पुण्याची जागाही आता थांबणार नव्हती. अभिषेकला त्याच दिवशी हो किंवा नाही कळवायचं होतं. दोघी सकाळी मारेगावला पोचल्या तेव्हा फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती.

पूजा सुरू झाली. फुलं झाली, हळद-कुंकू झालं. शेठजींनी नारळ हातात घेतला आणि पेटीपासून चांगले लांब, भिंतीकडच्या दगडाजवळ गेले. पाहुण्यांना म्हणाले, "यंदा नारळ इकडे फोडू. मशीन नाजूक असते. मागच्या साली या बेटीनंच सांगितलं मले." केवढ्या मायेनं सांगितलं त्यांनी. आणि त्या मायेपायीच पुष्पाचा सगळा डाव मोडायला निघाला. नाजूक हा शब्द एकदा जिनिंगवाल्यांच्या कानात बसला असता, तर पेटी वर्षभर चालली असती तरी कुणी घेतली नसती.

पुष्पा पुढे झाली. "शेठजी, नाजूक नाई ते. पेटीपाशीच फोडा. पाणी वरून सोडा, दरवर्षी सोडता तसं."

"अन् बिघडलं तर? दारात एवढ्या गाड्या उभ्या आहेत. पहिल्याच दिवशी काटा बंद पडला तर कोण जबाबदार?"

"मी."

शेठजींनी तिच्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे पाहिलं. आणि नारळ तिच्या हातात दिला. "मग तूच फोड."

जमावात चुळबुळ झाली. बाईमाणसानं नारळ फोडायचा नाही असं आपल्याकडे म्हणतात. त्यात ही पोरगी तांड्यावरची आणि पूजा शेठजींची. मुनिमानं तोंड वाकडं केलं. पुष्पानं चप्पल काढली, काट्याला हात जोडले, खांबाच्या लोखंडी पायावर एका दणक्यात नारळ फोडला आणि दोन्ही हातांनी सगळं पाणी पेटीच्या डोक्यावर ओतलं. पाणी छपरावरून घरंगळलं, पन्हळीतून खाली निथळलं.

सगळे आकड्यांकडे बघत होते. शून्य दिसायला हवं होतं. दिसत होतं दोन किलो आणि वर काहीतरी.

सुमेधानं डोळे मिटून घेतले. मागून एक जिनिंगवाला म्हणाला, "झालं. गेलं." पुष्पा मात्र तशीच उभी राहून आकड्याकडे बघत होती. आकडा नाचत नव्हता. पाणी गेलेली पेटी नाचते, हे तिच्याएवढं कुणाला माहीत असणार? तिनं काट्याच्या पाटाकडे पाहिलं आणि तिच्या जिवात जीव आला. वाकून तिनं तिथं विसरलेलं पूजेचं ताट उचललं. निरांजन, तांब्या, गूळ, उरलेला नारळ, सगळ्यासकट. पेटीवर शून्य आलं. ताट परत ठेवलं, तर पुन्हा तेच दोन किलो आणि वर काहीतरी.

रामधनशेठ आधी हसले, मग बाकीचे. शेठजींनी स्वतः ताट दोनदा ठेवून-उचलून पाहिलं, लहान पोरासारखं. मग हाक दिली, "पहिली गाडी येऊ द्या," आणि मुनिमाला म्हणाले, "दुसऱ्या काट्यालेही हेच लावायचं, लिहून घे." कळंबच्या पाहुण्यानं पुष्पाला विचारलं की आमच्या पूजनाआधी पेटी मिळेल का. वणीकडचा म्हणाला, आधी मला पाहिजे.

त्या गर्दीतून पुष्पा कधी निसटली ते सुमेधाला कळलं नाही. ती सापडली जिनिंगच्या मागे, सरकीच्या ढिगाशी. हात अजून नारळाच्या पाण्यानं चिकट होते आणि ती ते सरकीत चोळत होती. सुमेधा तिच्याशेजारी बसली आणि पर्समधून मोबाईल काढून पुण्याला फोन लावला.

"दादा, पुष्पाच्या जागेचं विचारत होतास ना? दुसऱ्या कुणाला देऊन टाक ती." पलीकडून अभिषेक काहीतरी म्हणाला. सुमेधानं पुष्पाकडे एकदा नीट पाहिलं. "नाही, पगाराचा प्रश्न नाही रे. ती येणार नाही. तिला इथं काम आहे."